मुलांपुरती जागा

स्वित्झर्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात, कॉन्स्टान्स सरोवराच्या वरच्या डोंगरउतारावर हायडन नावाचं छोटंसं गाव आहे. रेड क्रॉसची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्या आंरी द्युनांनं आयुष्याची अखेरची वर्षं या गावात काढली. १९०१ मध्ये शांततेचं पहिलं नोबेल मिळालं तेव्हा तो इथल्या रुग्णालयातच राहत होता, आणि १९१० मध्ये तिथेच वारला. गावातून खाली सरोवर दिसतं आणि सरोवराच्या पलीकडे जर्मनी. जानेवारी १९३९ मध्ये इथल्या ‘वार्टहाइम’ नावाच्या वसतिगृहात जर्मनीतल्या ज्यू मुलांची एक तुकडी आली. तीत फ्रँकफर्टची साडेदहा वर्षांची कारोला रूथ सीगल होती. सहा महिन्यांचा प्रश्न आहे, मग सगळं पूर्ववत होईल, अशी तिची समजूत होती. ती तिथे सहा वर्षं राहिली. आईवडील तिला पुन्हा कधीच भेटले नाहीत.

हीच मुलगी पुढे अमेरिकेत ‘डॉ. रूथ’ म्हणून घराघरांत पोचली. उंची चार फूट सात इंच, इंग्रजी बोलण्यावर जर्मनची दाट छाप, आणि रेडिओवर, टीव्हीवर ती बोलायची ती शरीरसंबंधांबद्दल, संततिनियमनाबद्दल, नवराबायकोंच्या न बोलल्या जाणाऱ्या अडचणींबद्दल. १२ जुलै २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये वयाच्या ९६व्या वर्षी ती गेली. तिची ही ओळख खोटी नाही, पण माझ्या लेखी ती अर्धी आहे. उरलेली अर्धी ओळख फ्रँकफर्ट ते हायडन या रेल्वेप्रवासात आहे आणि त्या प्रवासाला कोणाकोणाला परवानगी नव्हती, यात आहे.

कारोलाचा जन्म ४ जून १९२८ चा. आजोळ वीझेनफेल्डचं, बव्हेरियातलं शेतकरी खेडं. आई इर्मा ही सीगलांच्या घरी कामाला आलेली मुलगी. त्याच घरच्या युलिउसशी तिचं लग्न झालं. युलिउस घाऊक व्यापारी होता. सुया, दोरे, बटणं, फिती असला शिवणाचा माल तो दुकानांना पुरवायचा. फ्रँकफर्टमधल्या लहानशा घरात हे तिघं आणि वडिलांची आई, सेल्मा आजी, अशी चार माणसं राहत. एकुलती एक मुलगी, त्यामुळे लाडाला तोटा नव्हता. तेरा बाहुल्या होत्या, चाकांचे बूट होते. घर धर्मनिष्ठ होतं आणि मुलीनं शिकलं पाहिजे याबद्दल वडिलांच्या मनात शंका नव्हती. आईवडिलांनी कुलुपात, उंचावर ठेवलेलं वैवाहिक जीवनावरचं एक जाडजूड डच पुस्तक जर्मन अनुवादात तिनं चढून काढून चोरून वाचलं होतं. लेखकाचं नाव फान द फेल्डं. तो किस्सा ती पुढे मोठ्या आनंदानं सांगत असे. मला त्यातून त्या घराची ऊब कळते. पुस्तक लपवणारे आईबाप आहेत, ते काढून वाचणारी धीट पोर आहे. लाखो घरांत असतं तसंच हेही एक घर होतं.

९ आणि १० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर सिनेगॉग जाळली गेली, ज्यूंची दुकानं फोडली गेली आणि त्या आठवड्यात सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून डाखाऊ, बुखेनवाल्ड, झाक्सेनहाउझेन इथल्या छावण्यांत टाकलं गेलं. सीगलांच्या दारात माणसं आली ती काही दिवसांनी, सकाळी. चकचकीत काळे बूट तिच्या कायम लक्षात राहिले. आरडाओरडा नाही, मारहाण नाही. सेल्मा आजीनं घागऱ्याच्या दुमडीत शिवून ठेवलेले पैसे काढले आणि त्या माणसांच्या हाती देत विनवलं की माझ्या मुलाला नीट सांभाळा. कारोला खिडकीशी उभी होती. रस्त्यात झाकलेला ट्रक होता. त्यात चढण्याआधी वडिलांनी मागे वळून वर बघितलं, तिला हात केला आणि हसले. लेकीनं रडू नये म्हणून ते हसले, हे तिला पुढे समजलं. बाप दिसला तो तेवढा शेवटचा.

वडील डाखाऊला होते तेव्हाच स्वित्झर्लंडचं दार किलकिलं झालं. तिथल्या निर्वासित मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं जर्मनीतली सुमारे ३०० ज्यू मुलं तात्पुरती आणायची परवानगी मिळवली होती. अट एकच, पण ती फार मोठी होती. फक्त मुलं यायची. आईवडील नाहीत, आजीआजोबा नाहीत, आणि मुलांनीही पुढे दुसऱ्या कुठल्या तरी देशात निघून जायचं. कारोलाला जायचं नव्हतं. तिला सांगण्यात आलं की तू गेलीस तर बाबांना घरी यायला मदत होईल. दहा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात याहून जड काही बांधता येईल असं मला वाटत नाही. तरीही आई आणि आजीपाशी दुसरं काय होतं? त्यांनी पोरीला तयार केलं. आणि वडील खरंच सुटून घरी आले, पण तोवर मुलगी गेलेली होती.

५ जानेवारी १९३९. फ्रँकफर्टचं स्टेशन. तेरांतली एकच बाहुली बरोबर घेता आली होती. गाडी हलली तशा आई आणि आजी फलाटावरून गाडीबरोबर धावत राहिल्या. डब्यातली मुलं रडायला लागली. कारोलानं गाणी म्हणायला सुरुवात केली, म्हणजे स्वतःला रडू यायचं नाही आणि इतरांनाही. शेजारी तिच्याहून लहान एक मुलगी रडून रडून थांबत नव्हती. कारोलानं आपली बाहुली तिला देऊन टाकली. म्हातारपणी ही हकीकत ती अनेकदा सांगायची, आणि सांगताना आपल्या चांगुलपणाबद्दल काही म्हणायची नाही. त्या मुलीला माझ्याहून जास्त गरज होती, एवढंच.

‘वाचवलेली मुलं’ हा इतिहास सांगताना गौरवाचा सूर लागतो. तो पूर्ण खोटा नाही, पण पुरा खराही नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हिआं इथे ३२ देशांचे प्रतिनिधी ज्यू निर्वासितांचा प्रश्न सोडवायला जमले. सहानुभूती सगळ्यांनी दाखवली आणि जवळजवळ कोणीच दार उघडलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून जर्मन ज्यूंच्या पारपत्रावर लाल ‘जे’ अक्षराचा शिक्का बसू लागला. सीमेवर ज्यू ओळखून अडवता यावेत म्हणून स्वित्झर्लंडनं जर्मनीशी जी बोलणी केली, त्यांतून हा शिक्का निघाला. त्याबद्दल स्विस राष्ट्राध्यक्षांनी जाहीर माफी मागितली ती १९९५ मध्ये. ब्रिटननं डिसेंबर १९३८ ते सप्टेंबर १९३९ या काळात सुमारे १०,००० मुलं घेतली, तीही आईवडिलांशिवाय. अमेरिकेत २०,००० मुलांना आणण्याचं वॅग्नर-रॉजर्स विधेयक १९३९ मध्ये मतदानापर्यंतही पोचलं नाही. प्रौढ माणूस आला की नोकरी मागेल, घर मागेल, इथेच राहील. मूल लहान असतं, गोड असतं, वर्तमानपत्रात त्याचा फोटो छान येतो, आणि ते तात्पुरतं आहे असं लोकांना पटवता येतं. म्हणून दार मूल आत येईल एवढंच उघडलं. ज्यांनी ही मुलं आणली, पैसे गोळा केले, अर्ज खरडले, त्या माणसांपुढे मी हात जोडतो. पण ज्या सरकारांनी ही अट घातली, त्यांच्या नावावर ही पुण्याई मांडायला माझा हात धजत नाही. नाझींच्या संहारात सुमारे १५ लाख ज्यू मुलं मारली गेली. जी वाचली त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला पोरकेपण आलं, आणि त्यातला काही भाग टाळता आला असता.

हायडनला कारोलाला अन्न मिळालं, अंथरूण मिळालं, जीव सुरक्षित राहिला. ते तिनं कधी नाकारलं नाही. पण निर्वासित मुलं आणि तिथली स्विस ज्यू मुलं यांत फरक होता. धुणं, भांडी, साफसफाई, लहानग्यांना आंघोळ घालणं ही कामं निर्वासित मुलींकडे. आठवीनंतरच्या शिक्षणाचं दार मुलींना बंद होतं, त्यांनी मोलकरणीचं काम शिकायचं. वडिलांनी शिक्षणाचं वेड लावलेल्या या मुलीला घरकामाचं रीतसर प्रमाणपत्र मिळालं. मग एका मुलाशी तिची मैत्री जमली, तो शाळेत जायचा. रात्री तो आपली क्रमिक पुस्तकं तिला द्यायचा, आणि सगळे झोपले की ती जिन्यात, दिव्याच्या अंधुक उजेडात बसून वाचायची. सकाळी पुस्तकं परत. इतिहास, भूगोल, जे हाती पडेल ते. शिवाय ती रोजनिशी लिहायची. त्या वह्यांत मुलगी मोठी होताना दिसते. आपण बुटक्या आहोत, कुरूप आहोत, कोणाला आवडणार नाही, हे तिचं दुःख आहे, आणि आईबाबांची आठवणही आहे.

घरून पत्रं येत होती. वडील तिच्यासाठी कविता करून पाठवत. आई, आजी चार ओळी जोडत. युद्ध सुरू झालं तरी पत्रं येत राहिली. सप्टेंबर १९४१ मध्ये ती थांबली.

कारण फ्रँकफर्टमध्ये घडत होतं. ऑक्टोबर १९४१ च्या तिसऱ्या आठवड्यात, एका रविवारच्या सकाळी, नाझी पक्षाची माणसं ज्यू घरांत शिरली आणि एक हजाराहून अधिक लोकांना बांधाबांध करायला लावून रस्त्यानं चालवत माइन नदीकाठच्या ग्रोसमार्क्टहालेत घेऊन गेली. हा शहराचा घाऊक भाजीबाजार. १९२८ मध्ये, म्हणजे कारोलाच्या जन्माच्याच वर्षी, बांधलेली भव्य काँक्रीटची इमारत, खाली तळघरं, शेजारून रेल्वेचे रूळ. सोयीसाठी ही जागा निवडली होती, लपवण्यासाठी नव्हे. वरच्या मजल्यावर बटाटे, कोबी यांचा व्यापार चालू असे आणि तळघरात माणसांची झडती, मोजणी, किल्ल्या आणि पैसे काढून घेणं. तिथून गाड्या सुटल्या त्या पोलंडमधल्या लोड्झच्या घेट्टोकडे. युलिउस आणि इर्मा सीगल या पहिल्याच तुकडीत होते. वडील परत आले नाहीत. आईच्या नावापुढे जर्मन कागदांत ‘बेपत्ता’ एवढी नोंद राहिली. सेल्मा आजीही गेली. १९४५ पर्यंत याच बाजारातून सुमारे १०,००० माणसं पूर्वेकडे पाठवली गेली. आज त्या इमारतीत युरोपीय मध्यवर्ती बँकेचं मुख्यालय आहे आणि २०१५ पासून तिथे स्मारक आहे.

ऑगस्ट १९४२ मध्ये स्विस सरकारनं सीमा आणखी आवळली. केवळ ज्यू म्हणून छळ होतो हे आश्रयाचं कारण धरलं जाणार नव्हतं. आपला देश ही भरलेली लहान होडी आहे, अशा अर्थाचं मंत्र्याचं भाषण त्याच महिन्यातलं. हजारो लोकांना सीमेवरून परत फिरवलं गेलं आणि त्यांतल्या अनेकांचा शेवट मृत्युछावण्यांत झाला. १९३९ च्या जानेवारीत न निघता ही मुलगी तीन वर्षांनी त्याच वाटेवर आली असती, तर तिचंही काय झालं असतं ते उघड आहे.

युद्ध संपलं. वाचलेल्यांच्या याद्या लागत होत्या, मुलं नावं शोधत होती. सीगल नावाची ती दोन माणसं कुठल्याच यादीत नव्हती. स्वित्झर्लंडला ही मुलं ठेवायची नव्हती. सतरा वर्षांची कारोला तिथून पॅलेस्टाइनला गेली. तिथे तिला सांगण्यात आलं की कारोला हे नाव फार जर्मन वाटतं, बदल. तिनं रूथ हे दुसरं नाव पुढे घेतलं, पण ‘के’ हे आद्याक्षर शेवटपर्यंत सोडलं नाही. आईबाबा कुठे जिवंत असतील आणि शोधत असतील, तर त्यांना सापडायला हवी ना! तिच्या पुस्तकांवर आजही, पुढे लग्नानं आलेल्या आडनावासह, ‘रूथ के. वेस्टहायमर’ असंच छापलेलं असतं.

पॅलेस्टाइनमध्ये ती शेतवसाहतीत राबली, मग जेरुसलेममध्ये बालवाडी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेऊ लागली. हगाना या ज्यूंच्या सशस्त्र संघटनेनं तिला नेमबाज म्हणून तयार केलं. उंची कमी, नजर तीक्ष्ण. तिनं गोळी झाडून कोणाला मारलं नाही. पण ४ जून १९४८ ला, तिच्या विसाव्या वाढदिवशी, ती राहत होती तिथे तोफगोळा येऊन फुटला. शेजारच्या दोन मुली जागीच गेल्या. तिचे दोन्ही पाय जायची वेळ आली होती, पुन्हा चालायला महिने लागले. इस्रायलच्या स्थापनेच्या वेळच्या त्याच युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी माणसं घरंदारं सोडून निर्वासित झाली, हेही याच पानावर नोंदवलं पाहिजे. एका निर्वासिताला घर मिळतं तेव्हा दुसरा निर्वासित होतो, हे विसाव्या शतकात वारंवार घडलं, आणि निर्वासितांविषयी लिहिणाऱ्यानं सोयीचं तेवढं सांगून चालत नाही.

पुढचे टप्पे भराभर सांगतो. पहिला नवरा डॉक्टरी शिकायला पॅरिसला निघाला म्हणून १९५० मध्ये ती तिथे गेली. शालान्त परीक्षेचा कागद हाती नसताना सॉरबॉनमध्ये मानसशास्त्र शिकली, पोटासाठी बालवाडीत शिकवलं. लग्न टिकलं नाही. १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीकडून नुकसानभरपाईचे ५,००० मार्क आले. त्या पैशांतून ती बोटीनं न्यूयॉर्कला पोचली. आईवडिलांच्या बदल्यात मिळालेला तो पैसा तिकिटाला गेला. न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन हाइट्स या वस्तीत जर्मन ज्यू निर्वासित इतके होते की लोक त्या भागाला हडसनकाठचं फ्रँकफर्ट म्हणत. तिथल्या जर्मन भाषेतल्या ‘आउफबाउ’ या वृत्तपत्रात तिनं नाझींनी छळलेल्यांसाठीच्या शिष्यवृत्तीची जाहिरात पाहिली. शिष्यवृत्ती देणाऱ्या न्यू स्कूल या विद्यापीठानं १९३३ मध्ये युरोपातून पळून आलेल्या प्राध्यापकांसाठी खास विभाग काढला होता. दिवसा तासाला डॉलरभर मजुरीनं लोकांच्या घरी कामं करायची आणि संध्याकाळी वर्गात बसायचं. हायडनचं ते मोलकरणीचं शिक्षण इथे उपयोगी पडलं. दुसरं लग्न झालं, मुलगी झाली, तेही मोडलं. एकटीनं मुलगी सांभाळत १९५९ मध्ये तिनं समाजशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली.

प्रबंधाचा विषय होता हायडनची मुलं. आपल्याबरोबर वसतिगृहात वाढलेली ती मुलं पुढे काय झाली, कशी जगली, हे तिनं शोधून काढलं. वेड, व्यसन, आत्मनाश यांत ती वाहून गेली नाहीत, असं तिला दिसलं, आणि त्याचं श्रेय तिनं वसतिगृहाला दिलं नाही. आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांत आईवडील, आजी, आजोळ यांच्याकडून जी माया मिळाली, तिच्यावर ही मुलं तरली, असं तिचं मत झालं आणि ते तिनं जन्मभर मांडलं. हा निष्कर्ष मला तिच्या सगळ्या प्रसिद्धीपेक्षा मोठा वाटतो. ज्या माणसांना गाडीत जागा दिली नव्हती, तीच त्या मुलांना आतून धरून होती.

१९६१ मध्ये मानफ्रेड वेस्टहायमर या निर्वासित इंजिनिअरशी रूथबाईंनी तिसरं लग्न केलं. ते १९९७ मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत टिकलं. १९६७ च्या सुमारास त्या हार्लेममधल्या कुटुंबनियोजन केंद्रात काम करू लागल्या. पहिल्यांदा त्यांना वाटलं, ही माणसं वेडी आहेत का, सारखं याच विषयावर काय बोलतात! मग त्यांना त्यात रस आला. १९७० मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधून डॉक्टरेट, मग लैंगिक उपचारांचं प्रशिक्षण. सप्टेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्रावर रविवारी मध्यरात्रीनंतर पंधरा मिनिटांचा त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. लोक फोन करू लागले, वेळ वाढली, टीव्ही आला. एड्सच्या भीतीनं समलिंगी माणसांना लोक टाळत होते त्या वर्षांत त्या निरोधाविषयी स्पष्ट बोलत आणि समलिंगी माणसांना इतरांइतकाच मान आहे हे ठणकावून सांगत. माणसाला माणसातून वजा करण्याची भाषा त्यांनी लहानपणी ऐकली होती. हे त्या स्वतःच सांगत.

स्वतःला त्या छळछावणीतून वाचलेली म्हणवून घेत नसत. मी छावणी पाहिली नाही, ज्यांनी पाहिली त्यांचा तो मान आहे, मी त्या संहारातली पोरकी आहे, असं त्यांचं म्हणणं असे. वर्षानुवर्षं त्या फ्रँकफर्टविषयी फारसं बोलल्या नाहीत. १९८७ च्या आत्मचरित्रानंतर हळूहळू बोलू लागल्या, न्यूयॉर्कच्या ज्यू वारसा संग्रहालयाचं काम पाहू लागल्या. चार नातवंडं झाली. त्यांच्याकडे पाहून त्या म्हणायच्या की हिटलर हरला. राजकारणावर बोलणार नाही हा त्यांचा नियम होता. अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर मुलांना आईवडिलांपासून तोडलं जाऊ लागलं, तेव्हा त्यांनी तो मोडला. मुलांना आईबापांपासून वेगळं केलेलं दिसलं की मी गप्प बसणार नाही, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ९५व्या वर्षी, न्यूयॉर्क राज्यानं त्यांना एकाकीपणाविरुद्धच्या कामासाठी मानद दूत नेमलं. हे काम मला द्या, असं त्यांनीच सुचवलं होतं.

‘आस्क डॉ. रूथ’ हा २०१९ चा माहितीपट सहज मिळण्यासारखा आहे. तो जरूर पाहा. नव्वदीतल्या त्या बाईचं हसणं, धावपळ, गप्पा यांत मन रमतंच. पण हायडनची वर्षं त्यात चित्रांतून आणि रोजनिशीतल्या मजकुरातून येतात, ती घाईनं पुढे ढकलू नका. युलिउस, इर्मा आणि सेल्मा सीगल तुम्हाला तिथेच भेटतील.